वैद्यकातील विखुरलेला पुरावा

वैद्यकाचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे शोधांची एक मालिका आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. जेन्नरची देवीची लस, सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात पाहिलेला हिवतापाचा जंतू, फ्लेमिंगच्या बशीतली बुरशी. हा इतिहास आपण शाळेच्या पुस्तकातून वाचलेला असतो आणि त्याचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : शोध लागला आणि लक्षावधी प्राण वाचले. या वाक्यातील 'आणि' हा शब्द आम्हांस नेहमीच थोडा संशयास्पद वाटत आला आहे. शोध लागणे ही एक गोष्ट. तो खरा की खोटा हे ठरणे ही दुसरी. आणि खरा ठरल्यावर तो एखाद्या तालुक्याच्या गावी, रात्री दोन वाजता, अडलेल्या बाईच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरपर्यंत पोचणे ही तिसरी. या तिसऱ्या गोष्टीला किती काळ लागतो, मध्ये काय काय आडवे येते आणि तो काळ कमी करण्यासाठी कोणी कोणती खटपट केली, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. त्यात नाट्य थोडे आणि कारकुनी फार. पण त्या कारकुनीवाचून किती मुले गेली हे कळले म्हणजे तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. यास्तव आजच्या व्याख्यानासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे, आणि तो एका इंजेक्शनच्या निमित्ताने सांगावा असा बेत आहे.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. पॅट्रिक त्याचे नाव. तो दिवस पुरे होण्यापूर्वी साडेपाच आठवडे जन्मला होता. पृथ्वीच्या पाठीवरील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाचे ते मूल. मिळण्यासारखे सर्व उपचार त्याला मिळाले, आणि तरीही ७ ऑगस्टला जन्मलेला तो जीव ९ ऑगस्टला गेला. कारण त्याची फुप्फुसे पिकली नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या फुप्फुसांत ती फुगलेली ठेवणारा एक स्निग्ध पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो. मूल श्वास घेते, फुप्फुसाच्या पेशींचे बुडबुडे उघडतात, आणि श्वास सोडताच ओल्या कागदाच्या पिशवीसारखे पुन्हा चिकटून बसतात. दर श्वासाला पहिल्या श्वासाइतकेच कष्ट पडतात. काही तासांनी मूल थकते. 'सातवे किंवा आठवे लागले होते, जगले नाही', असे आपल्याकडील घराघरांतून ज्या मुलांविषयी हलक्या आवाजात बोलले जाई, त्यांतील पुष्कळांची कहाणी हीच होती.

त्याच दशकात न्यूझीलंडमधील ऑकलंड या शहरी मॉन्ट लिगिन्स नावाचे एक प्रसूतितज्ज्ञ मेंढ्यांवर काम करीत होते. त्यांना मुलांची फुप्फुसे अभिप्रेतच नव्हती. बाळंतपण नेमके सुरू कशाने होते, घंटा कोण वाजवते, हा त्यांचा प्रश्न होता. मेंढीच्या गर्भास कॉर्टिसोलच्या जातीचे द्रव्य दिले तर ती अकाली विते असे त्यांना आढळले. मेंढीचे दिवस सुमारे १४७. त्यांच्या एका प्रयोगातले कोकरू ११७ व्या दिवशीच जन्मले. इतक्या कच्च्या कोकराने श्वासच घ्यावयास नको, पण ते अपेक्षेपेक्षा बराच वेळ जगले, आणि नंतर पाहता त्याची फुप्फुसे काही अंशी फुगलेली आढळली. ज्याच्याकडे दुसरा कोणी 'हे काहीतरी विचित्रच' म्हणून पाठ फिरवता, त्याच्याकडे लिगिन्स थांबून पाहत राहिले. ते द्रव्य फुप्फुसे लवकर पिकवते, हा त्यांचा तर्क होता.

मग रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञांना बरोबर घेऊन त्यांनी माणसांवर कसोटी घेतली. अकाली बाळंत होण्याचा संभव असलेल्या २८२ स्त्रिया घेतल्या. कोणास बीटामेथॅसोन द्यावयाचे व कोणास नाही हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता दैवयोगाने ठरविले. १९७२ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या बाबतीत वेळेपूर्वीचे बाळंतपण आपोआप ओढवले होते, त्यांच्या जिवंत जन्मलेल्या मुलांपैकी पहिल्या आठवड्यात दगावणारी मुले औषध न मिळालेल्या गटात शेकडा १५ होती. औषध मिळालेल्या गटात शेकडा ३.२. औषध स्वस्त, देण्याची रीत सोपी, दोन दिवसांत दोन इंजेक्शने. आता येथे शाळेच्या पुस्तकातले वाक्य यावयास हवे होते.

ते आले नाही. का आले नाही हे सांगण्यापूर्वी थोडे मागे जाऊन 'दैवयोगाने ठरविणे' म्हणजे काय हे पाहणे अवश्य आहे, कारण सगळ्या पुराव्याचा पाया तोच आहे.

१८९७ च्या जानेवारीत, मुंबईत प्लेगचे थैमान चालू असता, हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि मग त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात ती दिली. तुरुंगात प्लेग शिरलेला होता. जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांस टोचले, बाकीचे तसेच राहिले. टोचलेल्यांत रोग कमी दिसला. लस उपयोगी होती यात शंका नाही. पण चिकित्सक माणूस विचारील की, आपण होऊन पुढे येणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी यांत आधीच काही फरक नसेल कशावरून? अधिक धट्टेकट्टे किंवा अधिक सावध असलेले लोकच पुढे आले असतील. डॉक्टरने निवड केली तरी हीच अडचण : तो नकळत आपल्या आवडत्या औषधासाठी बऱ्या रोग्यांची निवड करतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. ऐकावयास हे क्रूर वाटते. रोग्याचे भवितव्य चिठ्ठीवर? पण चिठ्ठीला आवडनिवड नसते, हाच तिचा गुण.

ही पद्धत वैद्यकात रुळविण्याचे श्रेय ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाकडे जाते. पहिल्या महायुद्धात त्यांना क्षय झाला, आणि डॉक्टर होण्याचा त्यांचा बेत त्यामुळेच राहिला. पुढे त्याच रोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची कसोटी त्यांच्या आखणीने घेतली गेली. युद्धानंतरच्या इंग्लंडात औषध इतके दुर्मीळ होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते. मग कोणास द्यावे हे बंद लिफाफ्यांनी ठरविले. ५५ रोग्यांस औषध व विश्रांती, ५२ रोग्यांस केवळ विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्यात १४. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला.

हिल यांचे शिष्य म्हणून युद्धानंतर लंडनमध्ये एक तऱ्हेवाईक स्कॉटिश डॉक्टर शिकावयास आले होते. आर्ची कॉक्रन त्यांचे नाव, जन्म १९०९. स्पेनच्या यादवीत ते रुग्णपथकात होते. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले आणि पुढची चार वर्षे कैद्यांच्या छावण्यांतून कैद्यांचाच डॉक्टर म्हणून राहिले. सलोनिका येथील छावणीत उपासमारीने कैद्यांच्या पायांवर सूज चढू लागली. कॉक्रन स्वतः सुजलेले. औषधे जवळ जवळ नाहीतच. त्यांनी वीस कैदी निवडले, दोन खोल्यांत विभागले. एका खोलीत चोरट्या बाजारातून मिळविलेले यीस्ट दिले, दुसऱ्या खोलीत क जीवनसत्त्वाच्या गोळ्या. चारच दिवसांत यीस्टच्या खोलीतील माणसांना बरे वाटू लागले. तो तक्ता घेऊन ते जर्मन अधिकाऱ्यांपुढे गेले आणि सगळ्या छावणीला यीस्ट मिळाले. पुढे या कसोटीतले दोष त्यांनी स्वतःच निर्दयपणे दाखविले. वीस माणसे, चार दिवस, आणि निदानही बहुधा चुकीचे. मात्र आपल्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी कसोटी तीच, असेही ते म्हणत.

छावणीतल्या क्षयरोग्यांविषयी त्यांनी लिहिलेले आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. फुप्फुसाभोवती हवा भरून ते निजवावे की नाही, बरगड्या काढाव्यात की नाही, हे सर्व उपाय तेव्हा चालत. वाटेल तो उपाय करण्याचे स्वातंत्र्य कैदेतही त्यांना होते, आणि कोणता केला असता रोगी वाचेल हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्या हातून काही रोगी उपायानेच दगावले नाहीत ना, या विचाराने त्यांना झोप येत नसे. डॉक्टरला स्वातंत्र्य हवे असते अशी आपली समजूत. या माणसाने स्वातंत्र्य देऊन टाकून पुरावा मागितला.

त्यांचा स्वभाव कळावा म्हणून एक गोष्ट सांगतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला इस्पितळातील नव्या खास विभागात ठेवणे बरे की घरीच ठेवणे, याची एक कसोटी इंग्लंडात चालू होती. पहिल्या सहा महिन्यांचे आकडे आले तेव्हा इस्पितळातील मृत्यू किंचित अधिक होते. फरक फार लहान, त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. कॉक्रन यांनी दोन तक्ते केले. एकात खरे आकडे, दुसऱ्यात आकड्यांची अदलाबदल. सभेपूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना त्यांनी उलटा तक्ता दाखविला. घरी ठेवलेले रोगी अधिक मेले असे पाहून ते सज्जन खवळले : हे अनीतीचे आहे, ही कसोटी तत्काळ थांबवा! त्यांचे बोलून झाल्यावर कॉक्रन यांनी क्षमा मागून खरा तक्ता पुढे केला आणि विनंती केली की, आता त्याच न्यायाने इस्पितळातील विभाग बंद करण्याची मागणी आपण करावी. खोलीत शांतता पसरली.

१९७२ साली कॉक्रन यांचे छोटेसे पुस्तक निघाले. राष्ट्रीय आरोग्यसेवेत जे जे उपचार दिले जातात ते खरोखर गुणकारी आहेत का, हा त्याचा प्रश्न. लिगिन्स व हॉवी यांचा निबंधही त्याच वर्षीचा. एकाने हत्यार दिले, दुसऱ्याने विचारले की आपल्याजवळ हत्यारे कोणती आहेत याची यादी तरी कोणी केली आहे का. दोघांची गाठ पडावयास मात्र जवळ जवळ वीस वर्षे लागली.

आता त्या इंजेक्शनकडे परत जाऊ. १९७२ नंतर काय झाले? काहीच झाले नाही असे नाही. निरनिराळ्या देशांत आणखी कसोट्या झाल्या. पण प्रत्येक कसोटी लहान. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण स्वयंपाकघरात खरी आहे, कारण एकाच भांड्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजतात. माणसांचे तसे नाही. शंभर-दीडशे बायकांच्या कसोटीत दोन-चार मुलांचे इकडेतिकडे होणे केवळ योगायोगाने घडू शकते. त्यामुळे एक कसोटी म्हणे उपयोग दिसतो, दुसरी म्हणे दिसतो पण खात्री नाही, तिसरी म्हणे फरक आढळला नाही. शिवाय मूळ कसोटीत रक्तदाब फार वाढलेल्या मातांच्या गर्भांविषयी एक शंकेची जागा राहिली होती. मातेला जंतुसंसर्ग होईल अशी भीतीही होती. काळजी घेणाऱ्या डॉक्टरला या शंका टाळता येत नसत. त्यातून हे सर्व निबंध वेगवेगळ्या नियतकालिकांत, वेगवेगळ्या वर्षी छापलेले. कोणाच्या कपाटात एक, कोणाच्या दोन. सर्व एकत्र मांडलेले कोणाच्याच टेबलावर नव्हते. आमच्या मते या कहाणीतला खलनायक शोधावयाचा झाल्यास तो कोणी मनुष्य नाही. तो म्हणजे ही विखुरलेली कपाटे होत.

कॉक्रन यांनी १९७९ साली एका लेखात नेमके यावरच बोट ठेवले. आपल्या व्यवसायाने प्रत्येक शाखेतील सर्व कसोट्या गोळा करून, पारखून, वेळोवेळी ताज्या करून ठेवण्याची व्यवस्था केलेली नाही, ही त्याची मोठी नामुष्की आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच लेखात त्यांनी वैद्यकाच्या सर्व शाखांत प्रसूतिशास्त्राला शेवटचा क्रमांक देऊन लाकडी चमचा बहाल केला. केंब्रिजमध्ये गणिताच्या परीक्षेत तळाशी आलेल्या विद्यार्थ्याला असा चमचा देण्याची प्रथा होती.

हा चमचा ज्यांच्या वर्मी लागला ते इअन चामर्स. तरुणपणी, १९६९-७० च्या सुमारास, ते गाझामधील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर होते. गोवर हा विषाणूचा रोग, त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत, म्हणून ती उगाच देऊ नयेत, असे त्यांना शिकविले होते. त्यांनी ते निष्ठेने पाळले आणि गोवराची काही मुले फुप्फुसदाहाने गेली. पुष्कळ वर्षांनी त्यांना समजले की, अशा मुलांना प्रतिजैविके आधीच दिल्याने लाभ होतो असे सुचविणाऱ्या कसोट्या त्या काळीही छापलेल्या होत्या. शिकविणारांनी त्या पाहिल्या नव्हत्या. चामर्स यांनी ही गोष्ट जाहीरपणे वारंवार सांगितली आहे.

१९७८ साली ऑक्सफर्ड येथे गर्भिणी व नवजात यांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली आणि चामर्स तिचे संचालक झाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते हिंदुस्थानातील कोणत्याही जुन्या दप्तरखान्यातील कारकुनाला ओळखीचे वाटले असते. नियतकालिकांचे जुने अंक एकेक पान उलटून पाहावयाचे, चिठ्ठ्या टाकून केलेली कसोटी दिसली की तिची नोंद करावयाची. बाळंतपणाशी संबंध असलेल्या अशा हजारो कसोट्या जमल्या. मग प्रश्न आला न छापलेल्या कसोट्यांचा. औषधाचा उपयोग दिसला नाही म्हणजे निबंध बहुधा खणातच राहतो. म्हणून छापलेलेच तेवढे जमा केले तर चित्र फाजील गोड दिसेल. तेव्हा १८ देशांतील ४२,००० प्रसूतितज्ज्ञांना व बालरोगतज्ज्ञांना पत्रे धाडून विचारले की, तुमच्याजवळ न छापलेली कसोटी आहे काय? ३९५ कसोट्यांची माहिती आली; पण त्यांतल्या दोन वर्षांहून जुन्या, पुऱ्या होऊन पडून राहिलेल्या अवघ्या १८. बेचाळीस हजार पत्रे आणि अठरा! एकदा खणात गेलेला पुरावा मागाहून बाहेर निघत नाही, हे या एका उद्योगाने कळले; आणि पुढे कसोटी सुरू होतानाच तिची नोंद झाली पाहिजे, असा जो आग्रह जगभर धरला गेला त्याच्या मुळांपैकी एक मूळ येथे आहे.

या सर्व खटपटीतून १९८९ साली गर्भारपण व बाळंतपण यांतील गुणकारी उपचारांवर दोन खंडांचा, दीड हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला. त्याच्या शेवटच्या याद्या आम्हांस ग्रंथाचा खरा आत्मा वाटतात. कोणत्या उपचारांनी मातेचे वा मुलाचे भले होते, कोणते आशादायक आहेत, कोणत्यांविषयी काहीच ठाऊक नाही, आणि कोणते सोडून द्यावेत, अशी सरळ वर्गवारी. बाळंतिणीला सरसकट एनिमा देणे, सरसकट केस काढणे या इस्पितळातील जुन्या रिवाजांची नावे शेवटच्या यादीत पाहून कित्येक वडीलधाऱ्या परिचारिकांना धक्का बसला असेल. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, या ग्रंथाबरोबरच स्वस्त, सुटसुटीत अशी त्याची एक लहान आवृत्तीही काढली गेली, आणि ती बायकांनी स्वतः वाचावी अशी अपेक्षा होती. पुराव्यावर डॉक्टरांइतकाच रोग्याचाही हक्क आहे हे येथे प्रथम इतक्या स्पष्टपणे मान्य झाले. कॉक्रन १९८८ च्या जूनमध्ये वारले. पण त्यापूर्वी त्यांनी या ग्रंथासाठी चार शब्द लिहून लाकडी चमचा परत घेतला होता.

त्या इंजेक्शनच्या कसोट्याही डब्लिनच्या पॅट्रिशिया क्राउली यांनी एकत्र करून तोलल्या, आणि १९९० साली चामर्स व आणखी एका सहकाऱ्यासह बारा कसोट्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. एकेकटी पाहता कुजबुजणारी ही साक्षीदार मंडळी एकत्र उभी राहताच स्पष्ट बोलू लागली : या औषधाने मुले वाचतात, आणि ज्या धोक्यांची भीती होती ते त्या इस्पितळांतून दिसत नाहीत. तरीही अमेरिकेत १९९४ च्या सुमारास, दीड किलोपेक्षा कमी वजनाची मुले ज्यांना झाली अशा मातांपैकी शेकडा १२ ते १८ जणींनाच ते मिळत होते. त्या वर्षी तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून ते सर्रास द्यावे असा कौल दिला. १९७२ पासून १९९४ पर्यंत बावीस वर्षे झाली. ऑकलंडात त्या इंजेक्शनने वाचलेली पहिली मुले तोवर कॉलेजात गेली होती.

१९९२ च्या ऑक्टोबरात ऑक्सफर्डला कॉक्रन यांच्या नावाचे केंद्र उघडले, आणि १९९३ साली अनेक देशांतील लोकांनी मिळून त्याच नावाची सहकारी संघटना स्थापिली. बाळंतपणापुरते जे झाले ते वैद्यकाच्या सर्व शाखांत करावयाचे, हा तिचा उद्देश. तिचे बोधचिन्ह वर्तुळाकृती आहे. त्यात एक उभी रेषा आणि तिच्या आजूबाजूला सात लहानमोठ्या आडव्या रेषा. आडवी रेषा म्हणजे एक कसोटी; उभ्या रेषेच्या डावीकडे गेली तर औषधाचा लाभ. सातांपैकी बहुतेक रेषा उभ्या रेषेला शिवतात, म्हणजे एकटीने काही सिद्ध करीत नाहीत. खाली एक लहानसा चौकट आकार आहे, तो सातांची बेरीज. आणि तो उभ्या रेषेपासून स्वच्छ डावीकडे आहे. त्या सात कसोट्या आपल्या इंजेक्शनच्याच आहेत. संस्था आपली मानचिन्हे म्हणून सिंह, सूर्य, कमळ निवडतात. आपल्या व्यवसायाचा एक दीर्घ विलंब मानचिन्ह म्हणून मिरविणारी संस्था आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध पाहू गेल्यास तो लहान नाही. मद्रासेस १९५६ साली सुरू झालेल्या कसोटीत १९३ क्षयरोग्यांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात व निम्म्यांना घरी, त्याच गोळ्या देऊन, ठेवले. घरी म्हणजे गरिबांच्या कोंदट खोल्यांत, अपुऱ्या अन्नावर. वर्षाअखेर दोहोंचा गुण जवळ जवळ सारखाच आला, आणि घरातल्या माणसांना रोग अधिक लागला असेही दिसले नाही. १९५९ च्या या निष्कर्षाने जगाचे धोरण फिरले. पाचगणी-मिरजेच्या हवेसाठी घरदार गहाण टाकण्याची पाळी त्यानंतरच्या पिढीवर आली नाही. पुढे गडचिरोलीत, १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना शिकवून नवजात मुलांची घरीच शुश्रूषा करविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मुलांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटलेले आढळले, आणि २०११ साली केंद्र सरकारने घरोघरच्या नवजात शुश्रूषेचा कार्यक्रम देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपविला. २००७ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने कॉक्रन ग्रंथालयाची सबंध देशासाठी वर्गणी भरली, म्हणजे भारतातील कोणालाही ते विनामूल्य उघडले. ते इंग्रजीत आहे ही गोष्ट वेगळी. मराठीत औषधांच्या जाहिराती मुबलक आणि औषधांच्या कसोट्यांचे सोप्या भाषेतील सार दुर्मीळ, ही स्थिती आम्हांस शोभणारी वाटत नाही.

पण आमच्या इंजेक्शनची गोष्ट अजून संपलेली नाही, आणि तिचा पुढचा भाग नागपुरास घडतो. हे औषध श्रीमंत देशांत इतके गुणकारी, तर गरीब देशांत, घरी होणाऱ्या बाळंतपणापर्यंत ते का नेऊ नये? सहा देशांत मोठी कसोटी झाली. भारतात नागपूर व बेळगाव येथे. आया-दायांपासून सर्वांना शिकविले. कोणाचे दिवस अपुरे आहेत हे ओळखण्यासाठी पोट मोजण्याची रंगीत फीत दिली. सुमारे एक लक्ष जन्म मोजले गेले. २०१४ साली निष्कर्ष आले तेव्हा सगळे चकित झाले. लहान मुलांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट सर्व मुले मिळून पाहता, औषध पोचविलेल्या गावांत दर हजारी साडेतीन मृत्यू अधिक होते, आणि मातांत जंतुसंसर्गाचा संशय अधिक. फितीने दिवस नीट कळत नव्हते. पूर्ण दिवसांच्या कित्येक मुलांच्या मातांना औषध गेले होते. आणि अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मल्यावर त्याला सांभाळणारे इस्पितळ जवळ नव्हते.

कित्येकांनी यावरून पुराव्याच्या शास्त्रालाच हसून घेतले. आम्हांस तसे वाटत नाही. ही कसोटी घेतलीच नसती, ऑकलंडचा निष्कर्ष जसाच्या तसा विदर्भातील खेड्यात उतरविला असता, तर ते साडेतीन मृत्यू कोणाच्याही वहीत न चढता होत राहिले असते. चांगल्या हेतूला स्वतःचे प्रेत दिसत नाही.

मग जागतिक आरोग्य संघटनेने प्रश्न पुन्हा, अधिक नेमका करून विचारला. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया व नायजेरिया या पाच देशांतील २९ इस्पितळे घेतली; आपल्याकडील बेळगाव त्यांत पुन्हा होतेच. या वेळी सोनोग्राफीने दिवस निश्चित केलेल्या २,८५२ स्त्रिया घेतल्या. २०२० साली आकडे प्रसिद्ध झाले : औषध दिलेल्या गटात नवजात मृत्यू शेकडा १९.६, न दिलेल्या गटात २३.५. लाभ इतका स्पष्ट दिसू लागला की ठरल्यापूर्वीच कसोटी थांबविण्यात आली. दर पंचवीस मातांना औषध दिल्यास एक मूल अधिक वाचते, असा त्याचा अर्थ.

२०२२ साली संघटनेने या औषधाविषयीची आपली सूचना नव्याने काढली. तिच्यात अटी आहेत. गर्भाचे दिवस नक्की माहीत असावेत. बाळंतपण आठवड्याच्या आत होण्याचा बराच संभव असावा. मातेला जंतुसंसर्ग झाल्याचे चिन्ह नसावे. बाळंतपणाची व्यवस्था नीट असावी. आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलाला ऊब, श्वास व दूध देण्याची सोय जवळ असावी. शेवटच्या अटीला इमारत, वीज आणि माणसे लागतात. पहिल्या अटीला मात्र बाईला दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत झालेली एक तपासणी आणि तिच्या कार्डावर शाईने लिहिलेली एक तारीख पुरते.